भरतीचे वय सरल्यावरचे धावणे

महाराष्ट्रात सर्वसाधारण माणसाच्या धावण्याला आजवर एक अघोषित वयोमर्यादा होती. शाळेच्या क्रीडादिनाची शर्यत, गावच्या जत्रेतील स्पर्धा आणि त्यानंतर पोलीस किंवा सैन्यभरतीचा सराव, एवढ्यावर ते आटोपत असे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यासाठीची वयाची अट खुल्या प्रवर्गात २८, तर मागास प्रवर्गांत ३३ वर्षांपर्यंत आहे. सैन्याच्या अग्निवीर भरतीत ती विशीच्या सुरुवातीलाच संपते. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले याच अटीच्या हिशेबाने धावत असतात आणि अट उलटली की, निवड झालेली असो वा नसो, बहुतेकांचे धावणे बंद पडते. गेल्या दोन दशकांत मात्र शहरांतून आणि शहरांच्या कडेच्या वसाहतींतून एक निराळाच धावपटू पुढे आला आहे. त्याला कोठे भरती व्हायचे नसते, पहिल्या दहांत येण्याची आशा नसते, शर्यतीचे शुल्क तो स्वतःच्या खिशातून भरतो, आणि पहिला बिब, म्हणजे छातीवर टाचायचा क्रमांक, त्याच्या हाती बहुधा पंचविशी ओलांडल्यावर, पुष्कळदा तिशीही मागे पडल्यावर येतो.

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या उत्तर भागात, उल्हास नदीच्या काठी वसलेले मोहने हे अशा धावपटूच्या वयाचा आणि वेळेचा हिशेब समजून घेण्यास सोयीचे ठिकाण आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनआरसीच्या, भोंग्यावर या गावाचा दिवस एकेकाळी चालत असे. २००९ मध्ये कारखाना बंद पडला आणि पुढच्या पिढीचा दिवस आंबिवली स्थानकावरून सुटणाऱ्या कसारा-मुंबई लोकलच्या वेळापत्रकाला बांधला गेला. कारखान्याच्या पाळीतून सुटलेला कामगार चालत घरी येत असे; मुंबईत नोकरी करणाऱ्या तिशीतल्या माणसाचे मात्र रोज तीन तासांच्या आसपास प्रवासातच जातात, आणि धावण्यासाठी त्याच्याजवळ पहाटेचा एक तुकडा तेवढा उरतो. शर्यतींची अंतरेही येथल्या वाचकाला रेल्वेच्या हिशेबानेच चटकन कळतात. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने मोजले तर साधारण दिवा स्थानकापर्यंतचे अंतर. अर्धमॅरेथॉन, जिला धावपटू नुसते ‘हाफ’ म्हणतात, २१.१ किलोमीटरची, म्हणजे घाटकोपर ओलांडून विक्रोळीच्या अलीकडे. दहा किलोमीटरची शर्यत दादरच्या जरा पुढे संपली असती.

महाराष्ट्रातील स्पर्धात्मक धावण्याचा इतिहास तसा जुना आहे, पण तो निवडीचा इतिहास आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत १९१९ च्या सुमारास अनवाणी धावणारे शेतकरी पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी खेळाडू पाठवण्याचा विचार तेथून पुढे सरकला, ही हकिकत भारतीय क्रीडेतिहासात नोंदलेली आहे. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. हजारांतून एक निवडायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही रीत पुढेही चालू राहिली. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, तरी रस्त्यावरच्या शर्यतीला हौशी माणसांची खरी गर्दी लोटली ती २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. त्यानंतर वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉन आली, २०१२ पासून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याने जाणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन आली. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन मुंबई मॅरेथॉनच्याही आधीपासूनची, भर पावसाळ्यातली. करोनाकाळापासून पडलेल्या खंडानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा झाली. यातल्या कोणत्याही शर्यतीची निकालपत्रे उघडली तर बक्षिसाच्या रांगेत पंचविशीच्या आतबाहेरचे व्यावसायिक धावपटू दिसतात आणि त्यांच्यामागे हजारोंच्या संख्येने तीस, पस्तीस, पंचेचाळीस वर्षांची नोकरदार माणसे दिसतात. शर्यत एकच, रस्ता एकच, पण दोन्ही गट अगदी निरनिराळ्या कारणांनी धावत असतात.

या दुसऱ्या गटाविषयी एक गैरसमज पक्का आहे, तो असा की तिशीनंतर शरीर उताराला लागलेले असते आणि तेव्हा धावायला लागणे म्हणजे गेलेल्या तारुण्याचा पाठलाग होय. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. दमसास मोजण्याचे सर्वमान्य परिमाण म्हणजे ‘व्हीओटू मॅक्स’, अर्थात जोराच्या श्रमात शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते त्याची कमाल मर्यादा. ही मर्यादा पंचविशी-तिशीनंतर बैठे काम करणाऱ्यांत दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी आणि नियमित सराव ठेवणाऱ्यांत त्याच्या जवळपास निम्म्या गतीने उतरते. ही आकडेवारी सांगताना एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. सर्वसाधारण माणूस विशीतही आपल्या मर्यादेच्या आसपास पोहोचलेला नसतो. कॉलेज, क्लास, लोकल, नोकरी यांत त्याची विशी गेलेली असते. शरीर काय करू शकते याची त्याने कधी परीक्षाच घेतलेली नसते. काही महिन्यांच्या पद्धतशीर सरावाने ही क्षमता दहा ते वीस टक्क्यांनी वाढणे सामान्य आहे, म्हणजे वयाने दशकभरात जे नेले त्याहून अधिक सराव एका वर्षात परत आणू शकतो. पस्तिशीतला नवा धावपटू पंचविशीतल्या स्वतःपेक्षा वेगाने दहा किलोमीटर धावतो, यात चमत्कार काही नाही. साधी वजाबाकी आहे. जन्मभर खेळलेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूला हा आनंद मिळत नाही, कारण तो आपल्या शिखरावरून खाली येत असतो.

शिवाय लांब अंतराच्या शर्यतीत नुसती कमाल मर्यादा पुरत नाही. तिच्या किती टक्क्यांवर न थकता टिकून राहता येते आणि ठरावीक वेगाला किती कमी प्राणवायू खर्ची पडतो, या दोन गोष्टींनाही तेवढेच महत्त्व आहे, आणि त्या दोन्ही वर्षानुवर्षांच्या धावण्याने मुरत जातात. वय प्रथम हिरावून घेते तो झपाटा, सहनशक्ती नव्हे. उसेन बोल्टने शंभर मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम २००९ मध्ये केला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. एलिउद किपचोगेने बर्लिनमध्ये २०२२ साली २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून स्वतःचाच विश्वविक्रम मोडला तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. रुमानियाच्या कॉन्स्तांतिना दिता यांनी २००८ चे मॅरेथॉनचे ऑलिंपिक सुवर्णपदक वयाच्या अडतिसाव्या वर्षी जिंकले. ही माणसे अपवादात्मक आहेत हे मान्य करूनही, मॅरेथॉनचे ऐन वय शंभर मीटरच्या ऐन वयापेक्षा बरेच पुढे सरकलेले असते, हे त्यांच्यामुळे ठळकपणे दिसते.

वाढत्या वयाची खरी अडचण फुप्फुसांत नसून पायांत असते. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सरावाला प्रतिसाद देऊ लागतात, पण कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट तंतू, आणि स्वतः हाडे यांना तेवढ्यासाठी महिने लागतात. कॉलेजात कबड्डी खेळलेला बत्तीस वर्षांचा माणूस सहा आठवड्यांत दमदार धावू लागतो, दम टिकतो म्हणून अंतर वाढवतो, आणि मग नडगीत, टाचेच्या मागच्या कंडरेत किंवा तळव्यात कळ येऊ लागते. हौशी धावपटूंच्या दुखापतींची हीच नेहमीची कथा आहे. विशीत असा अतिरेक शरीर पोटात घालते, तिशीत ते त्याची नोंद ठेवते. म्हणूनच या वयात आठवड्याला तीन-चार दिवसच धावावे, त्यातले बहुतेक धावणे सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने करावे आणि दोन दिवस पायांच्या व कमरेच्या स्नायूंच्या व्यायामाला द्यावेत, असे जाणते प्रशिक्षक सांगतात. सावकाश धावण्याचा कंटाळा हा नव्या धावपटूचा पहिला शत्रू होय. मनगटावरच्या घड्याळातील हृदयगतीचे आकडेही जपूनच वाचावे लागतात, कारण २२० मधून वय वजा करण्याचे प्रसिद्ध सूत्र सरासरी सांगते आणि व्यक्तीव्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये सुचवलेले दुसरे सूत्र वयाच्या सात-दशांश पट २०८ मधून वजा करते, आणि चाळिसाव्या वर्षी दोन्हींचे उत्तर १८० च येत असले, तरी इतर वयांत ती वेगळी उत्तरे देतात.

गुडघे झिजतील, ही घराघरांतून मिळणारी सूचना मात्र तपासून घेण्यासारखी आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंपैकी सुमारे साडेतीन टक्क्यांत, न धावणाऱ्या बैठ्या माणसांपैकी सुमारे दहा टक्क्यांत आणि उच्च स्तरावर स्पर्धा करणाऱ्यांपैकी तेरा टक्क्यांहून थोड्या अधिकांत आढळला. धावल्यामुळेच संधिवात टळला असे यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात. पण बेताचे धावणे गुडघे खाते, या समजुतीला आधार मिळत नाही एवढे नक्की. हृदयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील २००० ते २०१० या काळातील अर्ध व पूर्ण मॅरेथॉनच्या १ कोटी ९ लाख धावपटूंच्या पाहणीत ५९ जणांना शर्यतीत हृदयक्रिया बंद पडण्याचा झटका आला, म्हणजे प्रमाण साधारण १ लाख ८४ हजारांत एक. धोका अल्प आहे, तथापि भारतीयांना हृदयरोग पाश्चात्त्यांच्या तुलनेत लवकर गाठतो हे लक्षात घेता, घराण्यात हृदयविकार असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल किंवा चढ चढताना छातीत भरून येत असेल, तर शुल्क भरण्याआधी डॉक्टरांकडे जाणे शहाणपणाचे आहे.

आता प्रश्न उरतो आनंदाचा. हजारो माणसे आपल्याआधी पोहोचणार हे ठाऊक असताना, पैसे भरून आणि झोप मोडून धावण्यात सुख ते कसले, असे विचारले जाते आणि ते विचारणे चुकीचे नाही. उत्तराचा एक भाग तंत्रज्ञानात आहे. बिबच्या पाठीमागे चिकटवलेली इवलीशी चिप आरंभरेषेवरच्या आणि अंतिम रेषेवरच्या पट्ट्यांवरून जाताना प्रत्येक धावपटूची स्वतंत्र वेळ नोंदवते. गर्दीत मागे उभा असलेला माणूस बंदूक वाजल्यानंतर दहा मिनिटांनी रेषा ओलांडत असला तरी त्याच्या घड्याळातली वेळ तेथूनच सुरू होते. त्यामुळे शर्यत एकाच वेळी सामुदायिक आणि अगदी खासगी होते. धावपटूंच्या बोलण्यात ‘पीबी’ हा शब्द सतत येतो. स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ एवढाच त्याचा अर्थ. ज्या वयात पगारवाढ साहेबाच्या हाती, घराचा हप्ता बँकेच्या हाती आणि लोकलचे येणे रेल्वेच्या हाती असते, त्या वयात स्वतःच्या कष्टाचे इतके थेट, कोणाच्याही मर्जीवर न अवलंबणारे मोजमाप दुसरीकडे क्वचितच मिळते. अडीच तासांची हाफ दोन तास चोवीस मिनिटांवर आली तर त्या सहा मिनिटांत कोणाचा वशिला नसतो.

पीबी अर्थात कायम सुधारत नाही. पाच-सात वर्षांच्या सरावानंतर नव्याने धावू लागलेल्यालाही वय गाठतेच, आणि तेथे शर्यतींची दुसरी व्यवस्था कामी येते. निकाल पाच-पाच किंवा दहा-दहा वर्षांच्या वयोगटांत लावले जातात, आणि मैदानी खेळांच्या जागतिक व्यवस्थेत पस्तिसाव्या वर्षापासून ‘मास्टर्स’ हा ज्येष्ठांचा स्वतंत्र विभागच सुरू होतो. याखेरीज ‘एज ग्रेडिंग’ नावाची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक वयाच्या सर्वोत्तम ज्ञात कामगिरीला शंभर टक्के धरून धावपटूची वेळ त्या प्रमाणात मांडली जाते, त्यामुळे घड्याळात मिनिटभर मागे पडलेला माणूस टक्केवारीत पुढेही गेलेला असू शकतो. एकोणचाळिसाव्या वर्षी आपल्या गटात सर्वांत थोराड असलेला धावपटू चाळिसाव्या वाढदिवशी पुढच्या गटातला सर्वांत तरुण होतो. वय वाढल्याने फायदा होण्याची जागा निवृत्तिवेतन सोडले तर फारशी आढळत नाही.

या आनंदाची बाह्य रूपेही पाहण्यासारखी असतात. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी मध्य रेल्वे धावपटूंसाठी कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास विशेष लोकल सोडते, आणि मोहने-आंबिवलीच्या धावपटूला ती गाठण्यासाठी अडीच वाजता रिक्षा शोधावी लागते. त्या डब्यात एरवीची ढकलाढकली नसते. कोणी सेफ्टी पिनांनी बिब टाचत असतो, कोणी काखेला आणि मांड्यांना व्हॅसलीन चोळत असतो, कोणी केळ सोलत असतो, आणि अनोळखी माणसे एकमेकांना ‘फुल की हाफ?’ एवढाच प्रश्न विचारतात. त्यांच्यापैकी फुल धावणाऱ्यांना तीसेक किलोमीटरनंतर जी ‘भिंत’ भेटते तिचे गणित साधे आहे: माणसाला धावताना दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे सुमारे एक किलोकॅलरी लागते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी २७०० च्या वर; स्नायू आणि यकृतात साठवलेली शर्करा, जिला ग्लायकोजेन म्हणतात, साधारण १६०० ते २००० किलोकॅलरींचीच असते. चरबी आणि वाटेत खाल्लेले गोड यांनी तूट भरावी लागते, आणि आरंभी जोशात वेग वाढवणाऱ्याची शर्करा आधीच संपून पेडर रोडचा चढ त्याला चालत चढावा लागतो. अनेक शर्यतींच्या निकालांत पुरुष उत्तरार्धात स्त्रियांपेक्षा अधिक मंदावलेले दिसतात. दम राखून सुरुवात करणे तरुण पुरुषांना सर्वांत अवघड जाते, आणि येथे वाढते वय उपकारकच ठरते.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हवामान हा स्वतंत्र विषय आहे. मॅरेथॉनला दहा अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उत्तम मानले जाते. येथे जानेवारीची पहाटही त्याहून बरीच उबदार असते आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होण्याचे मुख्य साधनच लंगडे पडते. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्यादरम्यान काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. धावणारे सारे तरुण होते, हे विसरता येत नाही. उन्हाळ्यात वेगाचा हट्ट सोडणे, तहान लागेल तसे पिणे आणि लांब अंतरात नुसते पाणी ढोसत न राहता मीठही पोटात जाऊ देणे, एवढी दक्षता घ्यावीच लागते. अति पाण्याने रक्तातील सोडियम उतरून माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, आणि ही अवस्था पुष्कळदा निर्जलीकरण समजून आणखी पाणी पाजले जाते.

या साऱ्या चित्रात एक उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. हौशी धावणे हे सुटीचा रविवार, चांगले बूट आणि पहाटेचा मोकळा तास ज्याला परवडतो त्याचे सुख आहे. महाराष्ट्राला ठाऊक असलेली एक विलक्षण धावपटू, बारामतीच्या लता भगवान करे, साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी धावल्या त्या पतीच्या उपचारांसाठी बक्षिसाची रक्कम हवी होती म्हणून. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करताना त्यांना छंदाच्या रांगेत बसवणे हा अन्याय होईल. मोहन्यासारख्या ठिकाणी तिशीतल्या स्त्रीचा पहाटेचा तास पुरुषाइतका मोकळा नसतो. सहाच्या आत दोन डबे भरायचे असतात, पाणी ठरल्या वेळीच येते, आणि अंधारातल्या ओस रस्त्यावर एकटीने धावणे घरच्यांना व तिलाही निर्धास्त वाटत नाही. धावणाऱ्यांचे गट या अडचणीचा निम्मा भाग सोडवतात. चार-सहा जणी मिळून निघाल्या की कल्याणचा गांधारीच्या बाजूचा रस्ता किंवा डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडा संकुल पहाटेही परके राहत नाही. उरलेला निम्मा भाग घरातल्या पुरुषाने डबा भरण्यावर अवलंबून असतो.

अंतराची निवड हा शेवटचा, आणि सध्याच्या हौसेत सर्वाधिक बिघडलेला भाग. समाजमाध्यमांवर फुल मॅरेथॉनच्या पदकाला जे मोल आहे ते दहा किलोमीटरच्या पदकाला नाही, म्हणून सहा महिन्यांपूर्वी धावायला लागलेली माणसे ४२ किलोमीटरला नाव घालतात आणि पुढचे वर्ष फिजिओथेरपिस्टकडे काढतात. वास्तविक आठवड्याला ५० तास नोकरी आणि १५ तास लोकल करणाऱ्या माणसाच्या वेळेत दहा आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यती चपखल बसतात. त्यांच्या तयारीला आठवड्यातून चार-पाच तास पुरतात, शर्यतीनंतर सोमवारी कामावर जाता येते आणि वर्षातून तीन-चार वेळा धावता येते. ठाण्याच्या पावसात एक दहा किलोमीटर, वसई-विरारला डिसेंबरात एक हाफ, आणि असे दोन हंगाम विनादुखापत गेल्यावर मुंबईच्या फुलचा विचार, हा क्रम पुरेसा आहे. मुंबई मॅरेथॉनचे आयोजकही पूर्ण अंतरासाठी अर्ज करणाऱ्याकडे आधीच्या शर्यतीच्या वेळेचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते नसलेल्या उत्साही अर्जदाराला लहान अंतराकडेच वळावे लागते.